दारातला डोंगर



मी चित्रकलेचा मास्तर. पनवेलहून पळस्पे फाट्याच्या पुढे निघाले की कोन गाव लागते. त्या बाजूच्या एका शाळेत माझी बरीच वर्षे गेली. आज चित्रांविषयी बोलायचे आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

सहावीच्या वर्गाला मी ‘निसर्गचित्र’ दिले होते. फळ्यावर नेहमीचेच काढून दाखवले. तीन सारखे त्रिकोणी डोंगर, दोहोंच्या मधून वर येणारा सूर्य, खाली वळत गेलेली नदी, काठावर झोपडी आणि एक वाकडा नारळ. साऱ्या वर्गाने ते मुकाट्याने उतरवून घेतले. एक पोरगा मात्र कोरा कागद घेऊन बसून राहिला. “का रे, काढत का नाहीस?” म्हणून विचारले, तर खिडकीकडे बोट करून म्हणतो, “मास्तर, यो डोंगर कुठला? आपला असा नाय.”

खिडकीतून पूर्वेला प्रबळगड दिसत होता. माथा सपाट, पाटासारखा. डावीकडे कलावंतिणीचा उभा सुळका आणि दोहोंच्या मध्ये कोयतीने घाव घालावा तशी खाच. त्रिकोण त्यात कुठेच नाही! आणि सूर्य म्हणाल, तर तोही एका जागेवरून उगवत नाही. उन्हाळ्यात तो डावीकडे सरकतो, थंडीत उजवीकडे इर्शाळगडाच्या अंगाला जातो. हे मी रोज पाहत होतो, म्हणजे डोळे उघडे होते इतकेच. पोराने पाहिले होते.

त्या दिवसापासून मी वर्गात एका माणसाची गोष्ट सांगू लागलो. तो आपल्याच कोकणपट्टीतला, उत्तरेकडे डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचा. नाव जिव्या सोमा मशे. वारली समाजात १९३४ साली जन्मला. लहानपणीच आई गेली, आणि त्या धक्क्याने पोराचे बोलणेच थांबले, असे सांगतात. काही हवे असले, सांगायचे असले, की तो मातीत बोटाने रेघा ओढून दाखवी. त्याची अक्षरओळख म्हणायची तर ती अशी झाली.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाची भिंत शेणामातीने लिंपून तिच्यावर गेरू देतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाशी ठेचून तिचा कुंचला करायचा, आणि त्या पांढऱ्या रंगाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, जनावरे, माणसे. हे काम बायकांचे, आणि तेही लग्नापुरते. मशे हा पुरुष असून चित्रे काढू लागला, आणि लग्नाची वाट न पाहता रोज काढू लागला. गावात कुणी नाके मुरडली असतील, तर मला नवल वाटणार नाही.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी हस्तकला मंडळाच्या कामासाठी त्या भागात हिंडत होते. याआधी बिहारात, मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देण्याचे कामही त्यांनी केले होते. त्यांनी मशे यांचा हात ओळखला. १९७५ साली मुंबईत, जहांगीर कलादालनाच्या इमारतीत तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पुढल्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार आला. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरी, रिचर्ड लाँग या नामांकित इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी त्यांची चित्रे मांडली गेली. २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते वारले.

पण मानसन्मानांची यादी मुलांना रुचत नाही, हे आपण जाणताच. मी त्यांना जाळ्याचे चित्र सांगतो. कोळी नदीत जाळे फेकतो आहे, आणि ते जाळे जवळजवळ सगळ्या कापडावर पसरले आहे. एकेक आस बारीक रेघेने काढलेला, हजारो रेघा, आणि त्यातून पाणी हलते आहे असे वाटते. फेकलेले जाळे हवेत कसे फुलते, हे ज्याने तासन् तास पाहिले नाही, त्याच्या हातून ती रेघ उतरणार नाही.

येथे एक शंका मनात येते, ती झाकून ठेवत नाही. भिंतीवरचा चौक घरच्या कार्यासाठी होता. पावसाळे गेले की पुसट होई, पुढल्या लग्नाला नवा निघे. तो कागदावर चढला, चौकटीत गेला, विक्रीला आला. यात काही हरवले असेलच. पण वारल्यांच्या घरी त्यामुळे चार पैसे आले आणि चित्राखाली माणसाचे नाव आले, हेही खरे. माझी तक्रार निराळीच आहे. आज शाळाशाळांच्या कुंपणावर ‘वारली’ म्हणून दोन त्रिकोणांची माणसे आणि तारप्याचा नाच रंगवलेला दिसतो. सगळीकडे तोच नाच! ज्यांनी तारपा ऐकलेला नाही ते तो काढतात. म्हणजे माझ्या तीन डोंगरांच्या शेजारी हा चौथा डोंगर येऊन बसला.

असो. आम्ही मग मुलांना पाटी-कागद घेऊन बाहेर काढले, आणि वर्षअखेरीस शाळेच्या ओसरीत प्रदर्शन भरवले. चौकटी कुठल्या? काथ्याची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद अडकवले. गावातली मंडळी आली. एका मुलीने भाताची लावणी काढली होती. त्या मुलीच्या घरची शेती तिच्या जन्माआधीच विकली गेली होती आणि त्या जागी आता इमारती उभ्या आहेत.

एक म्हातारा त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “पोरी, लावनी करताना बाय पुढं जात नाय, मागं मागं येते. पुढं गेली तं लावलेलं तुडवील ना?” आणि काठी भिंतीला टेकवून तो तिथेच ओसरीत कमरेत वाकला, डाव्या हातात नसलेली आवणाची मूठ धरून, एकेक पाऊल मागे सरकत, थेट पायरीपर्यंत गेला.

मुलगी बघत होती. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी ती माझ्याकडे नवा कागद मागायला आली.