आपल्या शेजारची गिरणी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनबद्दल बोला, असा चिटणीसांचा हुकूम आहे. मी दुसऱ्या गिरणीत विणकर होतो. पण साळखाती सगळी एकाच वळणाची.

मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली, ती १८५६ मध्ये सुरू झाली. ही आपली मूळची ससून घराण्याची. १९४३ मध्ये मालक बदलले आणि नाव बदललं. पुढे ती सरकारी महामंडळाकडे गेली. आता जुन्या इमारती राखून तिथं वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं काम महापालिकेनं हाती घेतलंय.

पोरं विचारतात, गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं का? तर दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. सावली न पडता प्रत्येक मागावर सारखा. तुटलेला धागा चटकन दिसला पाहिजे ना! (मे ते जुलै मुंबईत भर दुपारी सूर्य थोडा उत्तरेला असतो, तेव्हा जरा ऊन यायचंच. पण जूनमध्ये ढग आमच्या मदतीला.) सूतकताई मजल्यावर चाले, माग मात्र जमिनीवरच, कारण त्यांचे हादरे वरच्या मजल्याला सोसवत नाहीत. ओतीव लोखंडाचे खांब छप्पर तर पेलतच, पण वाफेच्या इंजिनाच्या काळात पट्टे फिरवणारा दांडाही त्यांच्याच आधारानं जाई. आवारातलं तळं बॉयलर-इंजिनासाठी आणि आग लागली तर. शोभेसाठी नव्हे.

आणि खिडक्या? त्या बंद. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून आत दमट ठेवायचं. ती इमारत सुतासाठी बांधली होती हो, माणसासाठी नाही. घामानं अंग निथळायचं, छातीत कापसाची धूळ, आणि आवाज एवढा की आम्ही हातवाऱ्यांनी बोलायचो. आमच्या सोसायटीच्या सभेत निम्मे सभासद ओरडून का बोलतात, ते नव्या मंडळींना आता कळलं असेल.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. पुढचं तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की, छप्पर, खांब, चिमणी राखतात ते चांगलंच; पण भिंती आणि यंत्रं म्हणजे निम्मीच गिरणी. मागावर कोण उभं होतं, बदलीवाल्याला पहाटे गेटावर किती वेळ ताटकळावं लागे, खाणावळीचा डबा कोण करून द्यायची, हेही तिथं दिसायला हवं. ते आपल्याकडेच आहे. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, धोटा, जुना फोटो, ज्यांच्या कपाटात जे असेल त्यांनी ऑफिसात नोंद करावी. वस्तू द्यायची नाही, फक्त नोंद. यादी झाली की आपण सगळे मिळून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊ. माझ्या धोट्याची नोंद पहिली धरा.