निदान की दोषारोप?

(परळी वैजनाथ येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



प्रभू वैद्यनाथाच्या या नगरीत आज आपल्या एका कठोर टीकाकाराविषयी बोलावयाचे आहे. आशिस नंदी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी जानेवारी २०१३ मध्ये ऐकले. भ्रष्टाचाऱ्यांत मागास जाती-जमातींतील लोकच अधिक, अशा आशयाचे विधान त्यांनी जयपूरच्या साहित्य महोत्सवात केले. उच्चभ्रूंचा भ्रष्टाचार झाकला जातो, हे आपणांस सुचवायचे होते, असा खुलासा त्यांनी केला. गुन्हे नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाने अटकेस स्थगिती दिली, तशी समजही दिली. नाथ्र्याच्या गोपीनाथ मुंडे यांना उपमुख्यमंत्रिपदापर्यंत जाताना पाहिलेल्या या तालुक्याला ते विधान बोचले, तर नवल नव्हे.

परंतु एका विधानावरून माणूस कळत नाही. १९३७ मध्ये भागलपूर येथे बंगाली ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले नंदी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात समाजशास्त्र शिकले आणि पुढे अहमदाबादेत मानसशास्त्राकडे वळले. परकीय सत्ता गेली तरी तिने जिंकलेली मने मुक्त होत नाहीत, हे त्यांनी १९८३ च्या ‘द इंटिमेट एनिमी’ या ग्रंथात मांडले. १९८५ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य वळणाच्या सेक्युलरवादावरच आघात केला, तेव्हा डाव्या विचारवंतांनी त्यांना धारेवर धरले. आधुनिक विकासाची किंमत कोण मोजतो, हा त्यांचा प्रश्नही औष्णिक केंद्राची राख सोसणाऱ्या परळीकरांना परका वाटू नये.

मग मतभेद कोठे? हिंदुत्व ही युरोपीय राष्ट्रवादाची उसनवारी आहे, असे ते म्हणतात. याचे उत्तर आपल्या गावातच आहे. माळव्यावर राज्य करणाऱ्या अहिल्यादेवींनी काशी विश्वेश्वराचे मंदिर उभारले, सोमनाथाला मंदिर बांधले आणि परळीच्या वैजनाथाचाही जीर्णोद्धार केला. बारा ज्योतिर्लिंगांनी जोडलेली ही भूमी एक आहे, ही जाणीव त्यांनी कोणत्या युरोपीय ग्रंथातून घेतली होती?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नरेंद्र मोदी प्रसिद्धीस येण्यापूर्वी नंदींनी त्यांची मुलाखत घेतली होती. २००२ मध्ये ‘सेमिनार’ मासिकात तिच्या आधारे त्यांनी मोदींवर फासिस्ट मनोवृत्तीचे निदान ठोकले. १९६४ च्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर यांच्याबाबत असाच प्रकार घडल्यावर अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये नियम केला : प्रत्यक्ष तपासणी व संमती यांवाचून सार्वजनिक व्यक्तीचे निदान जाहीर करू नये. मुलाखत देणारा मनुष्य रुग्ण म्हणून आलेला नसतो. प्रतिपक्षाला मनोरुग्ण ठरविले की त्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याचे दायित्वच उरत नाही.

हेच पथ्य आपणही पाळले पाहिजे. टीकाकाराला ‘विकृत’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देणेही सोपे आहे. त्याचा ग्रंथ वाचून, टिपणे काढून, मुद्द्यागणिक उत्तर लिहिणे कठीण आहे. कार्यकर्त्याने ते कठीण काम पत्करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.