छातीतले हाड
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हाडाचा कर्करोग म्हटला म्हणजे शाळकरी मुलाच्या गुडघ्याजवळची सूज आठवते. ऑस्टिओसार्कोमा नावाचा हा रोग बहुधा तिथेच होतो. पण क्वचित तो हाडाला न शिवता मऊ मांसात उद्भवतो, आणि तोही बहुधा चाळिशीनंतर. मऊ भागांतल्या सार्कोमांपैकी शंभरात जेमतेम एक असा. त्यांतलेही पुष्कळसे मांडीत होतात. छातीच्या पोकळीतले इतके थोडे, की वैद्यकीय मासिकांत ते बहुधा एकेका रोग्याची हकिकत म्हणूनच छापून येतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना तो झाला. कोरडा खोकला, जिना चढताना धाप. फोटोत पांढरा डाग दिसला. आपल्याकडे अशा डागाचा अर्थ घरोघर ठाऊक: जुना क्षय बरा होऊन साचलेला चुना. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण ट्रंकेत सहा वर्षांपूर्वीचा फोटो निघाला आणि त्यात डाग नव्हता! बरा झालेला डाग असा झपाट्याने वाढत नाही. या गाठीतल्या पेशी मात्र स्वतःच कच्चे हाड घडवतात, त्यात चुना भरतो, म्हणून ती पांढरी दिसते. तेव्हा जुने फोटो रद्दीत घालू नका.

पुढे तुकडा तपासायचा म्हणताच घरात गलका झाला, सुई लावली की रोग पसरतो म्हणून. सुई कोठून घालावी हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी आधी ठरवावे लागते, हे खरे. परंतु तुकड्यावाचून निदान नाही. तो अशा गाठी नेहमी पाहणाऱ्या ठिकाणी दाखवावा. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ पासून आहे. शिवाय पायाच्या हाडातला हाच रोग फुप्फुसात उतरतो, म्हणून सगळी हाडेही तपासतात.

गाठ समूळ काढणे हा मुख्य उपाय, जोडीला औषधे. जाऊबाईंची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. थोडी राहिलीच, आणि पुन्हा वाढली.

“अगं, तू तरी खरं सांग,” त्या म्हणाल्या. मी सांगितले. घरात ते कोणाला रुचले नाही. त्यांनी मात्र बँकेचे कागद सुनेच्या हवाली केले, लोणच्याची प्रमाणे लिहून ठेवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या इथे, याच दारापाशी खुर्चीवर बसल्या होत्या; पुष्कळजणींना आठवत असेल.