बालाघाटाचा रंग

(धाराशिव येथे चित्रकला शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीने आपल्यापैकी ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना येडशीजवळचा रामलिंग घाट आठवत असेल. शाळकरी वयात त्या गाडीच्या खिडकीतून मी हा डोंगर पाहत असे. श्रावणात हिरवा, माघ सरताच तांबूस-पिवळा. चित्रकलेच्या तासाला मात्र ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की आम्ही दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाची झाडे आणि नदीत एक होडी काढत असू. या जिल्ह्यात नारळ किती आणि होड्या किती, हे आपण जाणताच!

यात हसण्यासारखे आहे, तसे खंत करण्यासारखेही आहे. जी भूमी डोळ्यांना सुंदर वाटत नाही, तिच्या रक्षणाची निकड मनाला जाणवत नाही. कोकण आणि महाबळेश्वर चित्रांत आले. बालाघाट आला तो दुष्काळाच्या बातमीशेजारी, भेगाळलेल्या जमिनीचे छायाचित्र म्हणून. मी पत्रकार आहे. या दोषात माझाही वाटा आहे.

चित्राने भूमी वाचते काय? अमेरिकेतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १८७१ साली यलोस्टोन प्रदेशाच्या पाहणीसाठी निघालेल्या पथकात थॉमस मोरान हा चित्रकार होता. त्याची जलरंगचित्रे आणि जॅक्सनची छायाचित्रे तेथील लोकप्रतिनिधींसमोर ठेवली गेली. १ मार्च १८७२ रोजी तो प्रदेश कायद्याने संरक्षित झाला. चित्रांनी एकट्यानेच हे घडविले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण ज्यांनी ती भूमी कधी पाहिली नव्हती, त्यांना ती दिसली ती चित्रांतून.

मला मात्र अधिक जवळचे वाटतात ते कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा थोर कलावंत कोटितीर्थाच्या काठी राहिला आणि तोच परिसर पुनःपुन्हा रंगवीत राहिला. पाणी तेच, काठ तोच. प्रहर आणि ऋतू निराळे. १९३१ मध्ये ते निवर्तले. त्यांची पुष्कळशी चित्रे काळाच्या ओघात नाहीशी झाली, ही आपल्या समाजाची अनास्था.

आपले कोटितीर्थ येडशीला आहे. रामलिंग घाटाचा सुमारे २२ चौरस किलोमीटरचा परिसर १९९७ साली अभयारण्य घोषित झाला. दरीत रामलिंगाचे मंदिर आहे. रावणाशी झुंजताना जटायू येथेच कोसळला, अशी लोकश्रद्धा आहे. जटायूच्या कुळातील गिधाडे मात्र देशभरातून झपाट्याने घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्यास कारणीभूत ठरले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये याच छोट्याशा रानात वन विभागाच्या कॅमेऱ्याने एक वाघ टिपला. यवतमाळकडील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून तो आला होता. ज्या रानाला आपण ‘उजाड’ म्हणून मोकळे झालो होतो, तेथे त्याला आसरा दिसला.

शिक्षकबंधूंनो, मुलांना तेथे न्या. पण केवळ धबधबा वाहतो तेव्हा नव्हे. सांभाळलेल्या रानाची खरी ओळख उन्हाळ्यात पटते. पानगळ झालेल्या फांद्या, पेटलेला पळस, उघडा काळा खडक हे सारे रंगवू द्या. कुंपण आणि समतल चर सौंदर्यात बाधा आणतात म्हणून गाळू नका. चराईबंदीमुळे ज्याची शेळी बाहेर राहिली, तो गुराखीही चित्रात येऊ द्या. त्याने सोसले आहे म्हणून गवत वाढले आहे. खोटा हिरवा रंग फासलेले चित्र या भूमीच्या काय कामाचे?

एकच जागा ठरवा. दरवर्षी त्याच जागी बसून चैत्रात एक आणि भाद्रपदात एक चित्र काढा. चित्राच्या मागे तारीख, ठिकाण आणि तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहा. दहा वर्षांनी ती चित्रे शेजारी मांडली, तर झाडी दाट झाली की विरळ, हे लहान मूलही सांगेल. शाळेचे कपाट तेवढे वाळवीपासून जपा!

वन विभागाची परवानगी आधी घ्यावी. आणि चैत्रात सकाळी सातच्या आत पोहोचावे. ऊन चढले की जलरंग कागदावर पसरण्यापूर्वीच वाळतो.