पराभवानंतरची बैठक



डिसेंबर 1984च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला अवघ्या 2 जागा मिळाल्या: मेहसाणा आणि हनमकोंडा. हनमकोंड्यात सी. जंगा रेड्डींनी नरसिंह रावांना हरविले (राव रामटेकहून लोकसभेत पोहोचलेच, हे वैदर्भीयांना ठाऊक आहे!). स्वतः अटलजी ग्वाल्हेरला पराभूत झाले.

अशा वेळी कार्यकर्ता चार माणसांत जाणे टाळतो. पराभवापेक्षा हे एकाकीपण घातक. वस्तुतः पक्षाला सुमारे 1 कोटी 82 लाख मते पडली होती. माणसे होती, परंतु विखुरलेली.

1985 साली कृष्णलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली कार्यगट नेमला गेला. जनता पक्षातील विलीनीकरण चुकले काय, 1980 साली नवा पक्ष काढणे चुकले काय, असे बोचरे प्रश्न उघडपणे विचारले गेले. ज्याला मत विचारले जाते, तो सहसा घरी बसत नाही.

1989 साली 85 जागा आल्या. त्यामागे बोफोर्स होते, जनता दलाशी जागावाटप होते; हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मतदान केंद्रावर बसणारी माणसे लाटेबरोबर येत नसतात. म्हणून या आठवड्यात प्रथम पडलेल्या उमेदवाराच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि मतदारयादी उघडावी.