घोरणें आणि हृदयाची शस्त्रक्रिया



घोरणारा मनुष्य सुखानें झोंपला आहे, अशी आपल्याकडे फार जुनी समजूत आहे. आमच्या खडकींत दारूगोळ्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेला कामगार पडल्या जागीं घोरूं लागला, कीं घरचीं माणसें म्हणत, "दमला आहे बिचारा, निजूं द्या त्याला." दमलेला मनुष्य घोरतो हें खरें. परंतु कांहीं जणांचें घोरणें मध्येंच एकाएकीं थांबतें. दहा-वीस सेकंद, कधीं त्याहूनही अधिक काळ, श्वासाचा मागमूस नसतो. छाती मात्र धडपडत असते. मग मोठा हिसका बसून श्वास पुन्हा सुरू होतो. झोंपेंत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदू धोक्याची हांक देतो, आणि मनुष्य अर्धवट जागा होऊन पुन्हा झोंपीं जातो. वैद्यकांत यास 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निआ' असें नांव आहे. श्वास बंद पडण्याचे किंवा अपुरा होण्याचे असे प्रसंग तासाला पांच आले, तर विकार धरतात. तीस आले, तर तो तीव्र समजतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया यांनीं २००४ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत मध्यम वयाच्या शहरी पुरुषांपैकीं शेंकडा साडेसात जणांस हा विकार, दिवसा येणाऱ्या झोंपेसह, आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्यें संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईंत निवर्तले, त्यांच्या मृत्यूचें कारणही डॉक्टरांनीं हेंच सांगितलें.

आतां हृदयाकडे वळूं. १९६८ च्या फेब्रुवारींत के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपण केलें, तेव्हां तें वर्तमानपत्रांतील आश्चर्य होतें. आज बायपास हा शब्द घरोघरीं ऐकूं येतो. या शस्त्रक्रियेनंतर शेंकडा वीस ते चाळीस रुग्णांत हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून फडफडूं लागतात. श्वासरोधाच्या रुग्णांत हें अधिक आढळतें, असें अनेक अभ्यासांनीं दाखविलें आहे. कारण उघड आहे. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती ओढ घेते, तेव्हां ते पातळ कप्पे ताणले जातात. जाग येतांच रक्तदाब उसळतो. आणि हें रात्रींतून शेंकडों वेळां, वर्षानुवर्षें चाललेलें असतें. ताल बिघडला कीं रक्ताची गुठळी होण्याची, आणि ती मेंदूंत जाऊन पक्षाघात होण्याची भीति. मृत्यूचें प्रमाण वाढतें कीं नाहीं, याविषयीं मात्र संशोधकांचें एकमत नाहीं.

शिवाय भुलीचीं व अफूच्या जातीचीं वेदनाशामक औषधें घसा आणखी सैल करतात आणि मेंदूची ती हांकही मंद करतात. छातीच्या जखमेमुळें रुग्णास उताणेंच निजावें लागतें. पहिल्या एक-दोन रात्रीं हरपलेली स्वप्नांची झोंप पुढें व्याजासह परत येते, आणि त्याच झोंपेंत घसा सर्वांत शिथिल असतो. म्हणजे रुग्ण साध्या खोलींत आला, नातलग निर्धास्त झाले, कीं मग हा धोका वाढतो.

खरी अडचण अशी, कीं ज्याला हा विकार आहे त्यालाच तो ठाऊक नसतो. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची शस्त्रक्रिया ठरली. साखर, रक्तदाब, तंबाखू, सारें विचारून झालें; घोरण्याचें कोणींच विचारलें नाहीं. त्यांची पत्नी बारा वर्षें त्यांना रात्रीं कुशीवर वळवीत आलेली. "घोरतात म्हणून डॉक्टरांना काय सांगायचें? हंसतील," असें ती माउली म्हणाली. अखेर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तिनें धीर करून सांगितलें, आणि त्या हंसल्या नाहींत. झोंपेची तपासणी झाली, औषधांचें प्रमाण बदललें, उशाकडची बाजू उंच ठेवली, एक रात्र अधिक देखरेख झाली. गृहस्थ सुखरूप घरीं आले.

टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनीं २००८ सालीं यासाठीं आठ प्रश्न योजले: घोरणें, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणीं पाहिला आहे काय, रक्तदाब, स्थूलपणा, पन्नाशीपुढचें वय, चाळीस सेंटिमीटरांहून जाड मान, आणि पुरुष असणें. तीन होकार आले कीं संशय घ्यावा. या हिशेबानें रक्तदाबाची गोळी घेणारा प्रत्येक म्हातारा संशयित ठरतो, हें कबूल. म्हणूनच पुढें झोंपेची तपासणी लागते.

उपाय म्हणजे मुखवट्यांतून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारें यंत्र. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं तें १९८१ सालीं पुढें आणलें. आधींच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या, २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत या यंत्रानें हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहींत. दिवसाची झोंप मात्र ओसरली. पण ते रुग्ण यंत्र रात्रीं सरासरी तीन-साडेतीन तासच लावीत. आठ तासांच्या उन्हांत तीन तास छत्री धरावी, तसेंच हें.

ज्यांच्या घरीं हें यंत्र आहे, त्यांनीं रुग्णालयांत जातांना तें मुखवट्यासह बरोबर न्यावें आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांस आदल्या रात्रीं नव्हे, चार दिवस आधीं दाखवावें. पुष्कळदां तें घरीं कपाटांतच राहतें, आणि तिसऱ्या रात्रीं मुलाला तें आणावयास धांवावें लागतें.