जमशेद भाभा : कारखानदारीतला रसिक

मुंबईला नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाशी जी नाट्यगृहे उभी आहेत, त्यांच्याखालची सुमारे आठ एकर जमीन एके काळी समुद्रात होती. शहरात मोकळी जागा मिळेना, तेव्हा पाणी हटवून ती करून घेतली. हा खटाटोप ज्यांनी केला ते जमशेद भाभा काही गवई नव्हते की नट नव्हते. टाटा उद्योगसमूहातले ते अधिकारी. हिशेब, पत्रव्यवहार, विश्वस्तांच्या बैठका, हे त्यांचे जग.

त्यांचा जन्म १९१४ चा. थोरले बंधू अणुशास्त्रज्ञ होमी भाभा. त्यांचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. धाकट्याचे किती जणांना ठाऊक आहे? असो.

१९६९ मध्ये जे. आर. डी. टाटांच्या पाठिंब्याने ‘राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र’ निघाले. प्रारंभ झाला भुलाभाई देसाई मार्गावरच्या भाड्याच्या जागेत. स्वतःचे टाटा थिएटर उघडले १९८० साली. तेथे सुमारे हजार माणसे बसतात, पण बैठक पंख्यासारखी पसरलेली, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्यालाही गवई समोर बसल्यासारखा वाटतो. आमच्याकडच्या गाण्याला मैफलीची जवळीक लागते, हे कुणीतरी बांधकामाआधी ध्यानात घेतले, याचे मला फार कौतुक आहे. पु. ल. देशपांडे या केंद्राच्या कामात होते, अशोक रानडेही होते. तरीही गिरगाव-दादरच्या मराठी रसिकाला ती वास्तू जरा परकी, साहेबी वाटत आली, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे मोठे नाट्यगृह पुरे होत आले आणि १९९७ मध्ये त्याला आग लागली. जमशेदजी तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. या वयात माणूस हात टेकतो की नाही? त्यांनी ते पुन्हा उभे करविले. १९९९ मध्ये ते खुले झाले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

२००७ मध्ये ते वारले. मलबार हिलवरचा ‘मेहेरांगीर’ हा राहता बंगला त्यांनी केंद्राला दिला होता. होमी भाभाही तेथेच राहत. २०१४ मध्ये केंद्राने तो लिलावात विकला, ३७२ कोटी रुपयांना. होमींचे तेथे स्मारक व्हावे म्हणून अणुऊर्जा खात्यातले काही कर्मचारी न्यायालयात गेले, पण लिलाव थांबला नाही, आणि पुढे बंगलाही पाडला गेला. मला वाईट वाटले, नाही कसे म्हणू? पण देणाऱ्याने घर दिले होते ते गाण्यानाटकासाठी, हेही खरेच.

जमशेद भाभा नाट्यगृहात आत शिरलात की एक जुना संगमरवरी जिना लागतो. तो पेटिट हॉल नावाच्या मुंबईतल्या एका जुन्या वाड्यातला. तिथून काढून तो इथे आणून बसविला आहे. मेहेरांगीरचे असे काय राहिले, हे मात्र मला अजून कुणी दाखविलेले नाही.